पांढरीचा पिंजरा

हसू नका बायांनो, आमच्या मालकायले सशायचा लय नाद होता. एक पांढरी मादी घरात कधीची होती, अगदी गरीब. मंग त्यायनं अनसिंगच्या बाजारातून एक काबरी मादी आणली अन् पांढरीच्याच पिंजऱ्यात सोडली. झालं! पांढरीचा सभावच बदलला. पाय आपटे, गुरगुरे. एक दिवस तिनं काबरीचा कान फाडला.

मालकानं शेजारच्या दुकानवाल्या चाचाले बोलावलं, त्यायच्या घरीबी ससे होते. चाचा म्हणे, "पयलीच्या जागेत दुसरी आणून टाकली, त ती चावनारच. तिचा काय कसूर? जागा वेगळी करून द्या."

मालकानं पांढरीच्या पाठीवरून हात फिरवला. "चुकलं माहं," म्हणे. दिवस मावळायच्या आत दुसरा पिंजरा हजर!

तवा माही सवत घरात नवीनच आली होती. चूल एक, खोली एक, अन् मले रोजचा उपदेश, "बहिणी-बहिणीवानी राहा."

मी म्हटलं, "अवो, मलेबी वेगळी चूल मांडून द्या."

मालक खेकसले, "काहून? तू काय जनावर हायेस?"