पाऊण इंच

रंजिता: अहो काका, ढिली-बिली काही नसते. सायकलची फ्रेम आहे ती, लेंगा नाही.

महादू: आगं पन जरा वाढत्या अंगाची ठेव ना. पोरगा छत्तीसचा हाय. चाळिशी आली का मानूस सुटतो. माझ्याकडं बग. लग्नात सडपातल व्हतो. आता दारातनं पोट आदी येतं, मी मागनं येतो.

रंजिता: पोट सुटलं म्हणून हाडं वाढतात का? मी हाडांच्या मापाने बनवते. पाय केवढा, धड केवढं, हात किती लांब. त्यावर पाइप कापते. एकदा कापला की कापला.

महादू: मंग टेलर बरा तुझ्यापरीस. तो शिलाई तरी उसवतो.

रंजिता: म्हणूनच तर सांगते, ज्याची सायकल आहे त्याला घेऊन या.

महादू: तेच तं जमत न्हाय. त्याला कललं तं नको बोलंल. गावठी कोंबडा धाडला, परत आला. मितेश म्हंजे माझा पुतन्या, त्याच्या हाती सोन्याची अंगठी धाडली, ती बी परत. खाडीची कोलंबी तेवडी घेतली, कारन ती परत करूस्तवर वास मारली असती.

रंजिता: असं काय केलंय त्याने तुमच्यासाठी?

महादू: तुला ठाव न्हाय? आमच्या आख्ख्या वडपे गावाला ठाव हाय. बस, सांगतो.

रंजिता: मी काम करता करता ऐकते. बोला तुम्ही.

महादू: गेल्या वर्सी, होलीच्या आदल्या दिशी. सकालचे साडेसहा. मी स्कूटर काडली, कोन गावाला भाचीकडं नारल न् गूल द्यायला. हायवेला कडंनं रेती सांडलेली. स्कूटर खालनं सटाकली, मी एक घडी वरच व्हतो. मंग मी पन खाली. मांडी मोडली, हालता येईना, मधल्या लायनीत आडवा. मागनं कंटेनरचा ट्रेलर. दिवं दिसतात, भोंगा ऐकू येतो. मी बोल्लो, महादू, तुझी होली एक दिस आदीच पेटली.

रंजिता: अरे देवा.

महादू: देव न्हाय, रामनाथ. त्याच कोन गावचा पोरगा, हितं दापोड्यालाच गोडावनात स्टोरकीपर. ड्युटीच्या आदी सायकल मारायचा, पार पडघ्याच्या फुडं जाऊन परत. बारीक टायरची, वाकून चालवतात ती. तीन वर्सं मन मारून घेतलेली. त्यानं काय केलं, ती सायकल माझ्या मागं रस्त्यात आडवी उभी केली. तिची लाल बत्ती चमकतेय. अंगातलं पिवलं शर्ट काडलं न् फिरवाय लागला. ट्रेलरनं ब्रेक मारला, पन येवडं धूड लगेच थांबतंय व्हय? घसरत आला. तवर ह्यानं माझ्या काखंत हात घातलं न् मना वडला. सायकलीचा पापड झाला. डायवर खाली उतरला, "चाचा जिंदा है क्या?" इचारतोय. मंग माझी शुद गेली.

रंजिता: आणि रामनाथला काही लागलं नाही?

महादू: खरचाटलं, बोलला. मना कुटं शुद व्हती? तीन आठवडं हास्पिटल, चार महिनं खाट. मांडीत सली घातली. डॉक्टर बोलला, काका, टायट्यानियम हाय, तुमी गंजाल पन सली गंजनार न्हाय. तवा ते नाव पयल्यांदा ऐकलं. मंग रामनाथ घरी भेटाया आला. मी इचारलं, सायकल मारतोस का रं? बोलला, तात्या, सायकलच न्हाय तं मारू काय? मनाला लागलं माझ्या ते. ठरवलं, ह्याला सायकल द्यायची, न् गंजनारी न्हाय द्यायची.

रंजिता: म्हणून टायटॅनियम.

महादू: म्हनून तुझ्या दारात. पन ही तुझी नमुन्याची फ्रेम बगतो तं, रंग कुटं हाय हिला? घासून पालथ्या घातलेल्या टोपासारकी दिसते.

रंजिता: हिला रंग लागत नाही. खाडीची हवा लागू दे, घाम लागू दे, दहा वर्षांनी पुसली की अशीच. हा जोड बघा. चांदीसारखा आहे ना? वेल्डिंग करताना आत जरा जरी हवा शिरली तर निळा पडतो, मग तो जोड कधीतरी दगा देतो. निळा पडला की मी आख्खा पाइप फेकते.

महादू: कुटं शिकली तू हे?

रंजिता: केमिकल कंपन्यांचे पाइप जोडायचे मी, नऊ वर्षं. सगळे म्हणायचे, पोरीचा हात स्थिर आहे. मग म्हटलं, ह्या हाताने कोणी बसून फिरेल असं काहीतरी करू. आता माप दाखवा. काय आणलंय म्हणालात?

महादू: ही घे चिट्टी. राघो टेलरकडनं आनली, बाजारपेठंतला. रामनाथच्या प्यांटी तोच शिवतो. त्याच्या वहीतनं उतरून घेतली. डोकं चालवलं का न्हाय?

रंजिता: काका! पँटच्या मापावर फ्रेम? मला मांडीच्या आतल्या बाजूने माप लागतं, खांदा लागतो, हात लागतो. वाकल्यावर पायाच्या बोटांना हात टेकतो का, ते लागतं.

महादू: त्याचा मी कसा सांगू? माझा इचार. माझा गुडघ्यापतुर बी न्हाय पोचत.

रंजिता: बघू तरी. कंबर बत्तीस... उंची... काका, हे काय? दोन आकडे आहेत. चाळीस आणि सव्वाएकोणचाळीस.

महादू: राघोचा मोतीबिंदू पिकलाय. खोडायचं र्‍हायलं असंल.

रंजिता: खोडायचं नाही राहिलं. एकापुढे उजवा लिहिलंय, एकापुढे डावा. हे माप कधीचं?

महादू: ह्या दिवालीचं.

रंजिता: आणि खाली हे जुनं, दोन वर्षांपूर्वीचं. त्यात एकच आकडा आहे. चाळीस.

महादू: मंग?

रंजिता: टेलर दोन पायांची दोन मापं कधी घेतो, काका?

महादू: आन ती चिट्टी. मी बगतो.

रंजिता: रामनाथ चालतो कसा?

महादू: कसा म्हंजे? चालतो तसा... थांब. थांब जरा. मी त्याला चालताना बगितलाच न्हाय गं. मी खाटंवर. हौसा, म्हंजे माझी बायको, मना हालवून उटवायची, बगतो तं हा उशाशी बसलेला. जाताना बोलायचा, तात्या, डोलं मिटा, पडा जरा. मी डोलं मिटले का जायाचा. मंग मी चालता झालो तं तो यायचा बंद झाला. बोलला, ड्युटी वाडलीय. अंगठी घेऊन मितेश गेला, तो परत येऊन बोलाया लागला, काका, त्याचा पाय... न् मी त्याच्यावरच वरडलो, का तुला साधी अंगठी देता येत न्हाय. त्याला फुडं बोलूच दिलं न्हाय मी.

रंजिता: बसा काका. ह्या स्टुलावर बसा. पाणी घ्या.

महादू: वर्सभर मी गावभर सांगत फिरलो, त्याची सायकल गेली, त्याची सायकल गेली. आन गेलं काय ते मना ठावच न्हाय. राहू दे पोरी. फ्रेम नको. पाय गेलेल्याला सायकल नेऊन दिली तं लोकं बोलतील, म्हाद्यानं थट्टा केली.

रंजिता: पाय कुठे गेलाय? पाऊण इंच गेलाय. दुकानातली सायकल दोन सारख्या पायांच्या माणसासाठी असते. ज्याचं अंग तसं नाही, तो माझ्याकडे येतो. खरं सांगू? मघाशी तुम्ही सांगत होतात तेव्हा मनात म्हटलं, त्याला मापाची फ्रेम कशाला हवी, दुकानातली चालली असती. आता म्हणते, मापाचीच हवी. पण चिठ्ठीवर नाही बनवणार. लावा त्याला फोन.

महादू: काय बोलू?

रंजिता: कोंबडा परत आला तरी गप्प नाही बसलात. आता काय झालं?

(महादू फोन लावून स्पीकरवर ठेवतो. पलीकडे गोडाऊनचा गोंगाट.)

रामनाथ: बोला तात्या. गाडी खाली करतोय, पाच मिन्टांत करू का?

महादू: न्हाय. आत्ताच. रामनाथ, तुझा डावा पाय पाऊण इंच कमी हाय का?

रामनाथ: ...राघोकाका बोलला?

महादू: राघो न्हाय बोलला. त्याची टेप बोलली.

रामनाथ: थांबा, बाहेर येतो. ...हां. हाय तात्या. दोनदा ऑपरेशन झालं, जरा कमी जोडला गेला. एवढं काय नाय.

महादू: कशानं झालं?

रामनाथ: ट्रेलरखालनं सायकल उडाली ना, ती मांडीवर आली.

महादू: म्हंजे तू मना वडत व्हतास तवा?

रामनाथ: हां.

महादू: मोडक्या पायानं वडलास मना? माझं वजन ठाव हाय का तुला?

रामनाथ: तेव्हा कळलं नाय तात्या. कडेला आल्यावर कळलं. वजन तर दुसऱ्या दिवशी कळलं, खांदे धरले होते.

महादू: हासू नको. बोलला का न्हाईस?

रामनाथ: तुमी खाटंवर होते. रडले असते. हौसाकाकीला पण मीच बोललो, सांगू नका.

महादू: आता काय हसतोय का मी?

रामनाथ: तसं नाय तात्या. मी यायचो तेव्हा तुमी तोंडाकडं बघून हसायचे. बरं वाटायचं मला. एकदा कळलं असतं तर मग सगळ्यांसारखं पायाकडंच बघत बसले असते. म्हणून बोललो, सायकल गेली. खोटं नव्हतं ते. सायकल पण गेलीच ना.

महादू: सली घातलीय तुझ्या बी?

रामनाथ: हाय ना.

महादू: कसली?

रामनाथ: टायटॅनियमची.

महादू: घ्या! दोगांच्या मांडीत एकच माल न् वर्सभर एकमेकाला पत्ता न्हाय.

रंजिता: रामनाथ, नमस्कार. मी रंजिता. दापोड्याला फ्रेम बनवते मी.

रामनाथ: तुमी? टायटॅनियमवाल्या? मी रोज जातो तुमच्या शटरपुढून. तात्या तिकडं काय करतात?

रंजिता: तुमच्या पँटच्या मापाने सायकल करायला आलेत.

रामनाथ: तात्या!

रंजिता: ते ओरडणं नंतर. आधी सांगा, पाय मोडल्यावर कधी बसलात का सायकलवर?

रामनाथ: गणपतीत. शेजारच्याची घेऊन बाजारपेठेपर्यंत गेलो. परत ढकलत आणली.

रंजिता: का? पाय दुखला?

रामनाथ: पाय नाय. कंबर डावीकडं सरकायची. मग उजवा हात सुन्न पडायचा.

रंजिता: हँडल खाली होतं?

रामनाथ: बरंच खाली.

रंजिता: मग त्यात तुमची चूक नाही, ती सायकल तुमची नव्हती. डाव्या बुटाखाली पट्टी देऊ, पाऊण इंचाची सगळी नाही, थोडी कमी. फ्रेम पुढून उंच करते, म्हणजे कंबरेला वाकावं कमी लागेल. वरचा पाइप आखूड, हातावर भार नको. बसवून, पायडल मारायला लावून मापं घेईन.

रामनाथ: पुढून उंच केली तर उतारावर हलणार नाय ना? कसाऱ्याला उतरताना पुढचं चाक थरथरलं की जीव जातो.

रंजिता: मागचा भाग जरा लांब ठेवते. आणि खालचा पाइप जाड घेते.

रामनाथ: जाड किती? जास्त जाड घेतला तर खड्ड्यांत हाडं खिळखिळी होतात. वडप्याचा रस्ता बघितलाय ना तुमी?

महादू: बग, बग! कसा वटावटा बोलाय लागला! मना त्यातलं एक अक्षर कलत न्हाय. बोला तुमी, थांबू नका.

रामनाथ: नाय तात्या, मी उगाच... सवय हाय म्हणून बोललो. हे मला नको. त्या दिवशी कोण पण असतं तरी मी तेच केलं असतं.

महादू: कोन पन न्हवतं ना पन. मी व्हतो. हे बग, मी काय उपकार फेडाया न्हाय आलो. तो फिटनारा हाय का? रोज सकाली उठतो, हौसा चा देते, जीभ पोलते. मना वाटतं, ही पोललेली जीभ बी रामनाथनं दिली. नातीच्या शालंत गेलो, ती नाचली, मी टाल्या वाजवल्या, त्या बी त्यानंच दिल्या. येवडं साठलं का मानसाला कुटंतरी द्यावं वाटतं रं. देवाला दिलं. देव घेतो, पन सायकल न्हाय चालवत.

रामनाथ: तात्या, मला भीती वाटते.

महादू: ट्रेलरची?

रामनाथ: नाय. बनवली, बसलो, न् तरी नाय जमलं तर? आता निदान बोलता येतं, सायकल नाय म्हणून चालवत नाय.

रंजिता: पहिल्या दिवशी नाहीच जमणार. बऱ्याचजणांना नाही जमत. मग परत या, पट्टी बदलू, सीट हलवू. सहा वेळा आलात तरी मी दार लावून घेत नाही. पण न बसताच 'नाही जमणार' म्हणालात, तर माझं काही चालत नाही.

रामनाथ: बुधवारी सुट्टी असते माझी.

रंजिता: नऊला उघडते मी. सायकलचे बूट असतील तर घेऊन या.

रामनाथ: हायत. टाकले नाय.

महादू: मी पन येतो बुदवारी.

रामनाथ: तुमी कशाला तात्या, उन्हाचं...

महादू: येतो बोल्लो ना. तू नाक्यावर उतर न् शटरपतुर चालत ये. मी हितं उभा र्‍हाईन. बगंन तुला. काय बोलनार न्हाय.

रामनाथ: हळू चालतो मी, तात्या.

महादू: ये ना सावकाश. मना कुटं जायाचंय.