एकाच नळीत

ऋतुराज : कांचन, वकिलीतला पहिला धडा ऐक. उत्तर आधी ठाऊक नसेल, तर तो प्रश्न विचारायचाच नाही!

कांचन : आणि आम्हा केमिस्टांचा पहिला धडा, उत्तर ठाऊक असेल तर प्रयोग करायचा कशाला?

ऋतुराज : अगं, तुझा प्रयोग फसला तर आपलं मेंढ्यांच्या जंतांचं औषध ती समोरची कंपनी उजळ माथ्याने विकेल. तुझ्या आणि सरांच्या लॅबला कुलूप!

कांचन : आत्ता तरी वेगळं काय होतंय? त्यांचा तज्ज्ञ म्हणतो, पदार्थाची ओळख पटवणाऱ्या एनएमआर मशीनचे दोन्ही आलेख बघा, रेघा केसभर सरकल्यात. म्हणजे आमचं औषध वेगळं, तुमचं पेटंट आम्हाला लागू नाही.

ऋतुराज : मग, सरकल्यात की नाही?

कांचन : सरकल्यात. नमुना दाट-पातळ असला, जरा दमट असला, तरी सरकतात. म्हणून म्हणते, दोन्ही औषधं एकाच नळीत घालू, त्यांच्या देखत. पदार्थ एकच असेल तर रेघा एकमेकींवर बसतील. वेगळे असतील तर जोड्या दिसतील. सर, तुमची पहिली बॅच द्या.

दीनानाथ : चिमूटभर उरलीय गं. दोन हजार एक साली ख्राइस्टचर्चला आलो, तेव्हा इथे माझ्या हातून घडलेलं पहिलं औषध हे. पेटंटात वर्णन आहे ते ह्याच पावडरीचं. एकदा मिसळली की ब्रह्मदेव आला तरी वेगळी करायचा नाही.

कांचन : तुमचा विश्वास नाही?

दीनानाथ : माझ्या पावडरीवर आहे. त्यांच्या पावडरीवर नाही. औषध बनवताना शेवटच्या पायरीला त्यांनी खरंच काही बदललं असेल तर?

कांचन : तर त्यांचं औषध खरंच वेगळं, सर. आपण उगाच भांडत होतो, एवढंच.

दीनानाथ : ...धर. झाकण घट्ट बसलंय, जपून उघड.

(शुक्रवारी सकाळी, युनिव्हर्सिटीत, एनएमआर मशीनच्या पडद्यासमोर. समोरच्या कंपनीचा तज्ज्ञही हजर आहे.)

ऋतुराज : मला ह्यातलं ओ की ठो कळत नाही. जोड्या आहेत का?

कांचन : थांब जरा. सर, चष्मा लावा.

दीनानाथ : लावलाय. पण तूच सांग.

कांचन : जोड्या नाहीत. एकही नाही! तेवढ्याच रेघा, तिथेच. नुसत्या उंच झाल्यात.

ऋतुराज : स्वीट ॲज! झकास! म्हणजे जिंकलो?

कांचन : निकाल न्यायाधीश देतील. पण त्यांच्या तज्ज्ञाने आलेखावर सही केली. मला म्हणाला, "फेअर इनफ."

ऋतुराज : सर, ती बाटली काय उलटी करून बघताय?

दीनानाथ : बाटली रिकामी झाली रे.

कांचन : सोमवारी नवी बॅच लावू, सर.

दीनानाथ : सोमवार कशाला? आज दुपारी मोकळाच आहे मी.