डॉक्टरांना पोहता येतं

...नाही, पण मी म्हणते, डॉक्टर बुडाले असते एका ओळीत तर काय बिघडलं असतं? पण मलाच मेलीला तोंड उघडायची हौस!

तुम्हाला सांगते, मी प्रकाशकाकडे प्रुफं तपासते, मुद्रितशोधक म्हणून. सोळा वर्षं. त्यातली नऊ त्या जहाजावरच्या डॉक्टरांच्या प्रेमात. हो, कादंबरीतल्या! कागदावरचा माणूस असला म्हणून काय झालं? हसू नका. चौथ्या भागात, पान एकशे चौदावर, ते शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडतात आणि... जाऊ दे, कानशिलं तापतात माझी. ते पान मी अकरा वेळा तपासलं. चूक? एक नाही हो!

मावशी स्थळ आणते, म्हणते, "अगं, बँकेतला आहे, निर्व्यसनी आहे, आणखी काय हवं तुला?" भेटले एकदा. तासभर स्वतःच्या गुडघेदुखीवर बोलला आणि माझ्या वाटणीचं बिस्किटही त्यानेच खाल्लं! आमच्या डॉक्टरांनी भर तुफानात शेवटचा पाव खलाशाला दिला होता. कागदावरचा माणूस असला म्हणून काय झालं?

तर गेल्या महिन्यात दहावा भाग तपासायला आला. शेवटच्या पानावर एकच ओळ: "लाट आली आणि डॉक्टर गेले." मी पेन्सिलच उचलली! समासात लिहिलं, "डॉक्टर पट्टीचे पोहणारे आहेत. पाहा, भाग तीन, पान चाळीस. बुडतील कसे?" म्हटलं, वाचवलं बाई!

लगेच लेखकांचा फोन. "बाई, केवढी घोडचूक पकडलीत! उपकार झाले हो!" आणि काय केलं त्यांनी? लाट काढली, ताप घातला. बावीस पानांचा ताप! ग्लानी काय, बडबड काय, थरथरता हात काय... आणि प्रुफांच्या फेऱ्या किती? चार! लोकांचं माणूस एकदाच जातं हो, माझं चारदा गेलं, आणि चारही वेळा मी स्वल्पविराम बघत बसले! कागदावरचा माणूस असला म्हणून... रडू येतं हो, खरंच येतं.

शेवटी दुखवट्याच्या रजेचा अर्ज दिला. त्यात रकाना, "मृताशी नातं". लिहिलं, "मुद्रितशोधक". मॅनेजर म्हणाले, "बाई, असं नातं आमच्या यादीत नाही. दुरुस्त करून आणा."

आणला. लिहिलं, "कोणी नाही".

त्यांनी चष्मा वर केला. "मग रजा कशाला हवी?"

...अर्ज उचलला. बसले जाऊन जागेवर.