मुठीतलं मीठ

नाही नाही, उठू नका, बसा हो — ती खुर्ची कुणासाठी राखलेली नाही, 'वाचकांसाठी' असा कागद चिकटवलाय तो जोवीनं, आणि सकाळपासून तिच्यावर बसलेले वाचक म्हणजे तुम्हीच. मघाशी एक बाई बसल्या होत्या, पण त्या चपलेचा पट्टा लावायला. समोर बघताय ना ती गर्दी? ती पुस्तकांसाठी नाही, मांजराच्या स्टिकरांसाठी आहे. मॉलमध्ये लहान प्रकाशकांची जत्रा भरवायची, आणि पोरांनी येऊन मांजरं घेऊन जायची. त्या स्टिकरवाल्या मुलीनं जन्मात एक ओळ लिहिलेली नाही, आणि तिला जेवायला सवड नाही. मला आहे. बिस्कोचो घ्या, कुरकुरीत टोस्टच तो, घ्या, लाजू नका, पुस्तक घ्यावं लागेल अशी भीती नको — घ्यायला पुस्तकच नाहीये. हे टेबलावर दिसतंय ना, वर माझं नाव, पोलिकार्पो तुमांदा, खाली आस्वांग भुतिणीचं चित्र, पंख, जीभ, सगळं यथास्थित — उघडून बघा आत. कोरं! नमुना म्हणून बांधून आणलंय. खरं पुस्तक पुढच्या महिन्यात. म्हणजे यायचं आहे. म्हणजे — असू दे.

ती हिरव्या केसांची, माइकशी झटापट करतेय ती जोवी. आमची प्रकाशक. प्रकाशनसंस्था म्हणजे ती स्वतः, तिच्या चुलतभावाचा प्रिंटर आणि एक झोपायची खोली. पण मुलगी गुणी आहे हं. 'मानोंग कारपो, तुम्ही आपल्या हिलिगायनोन भाषेतल्या भयकथेचे आजोबा' म्हणते मला. मानोंग म्हणजे दादा, आणि वर आजोबा. आजोबा! नातवंडं कुठं आहेत ते विचारायचं नाही. मी आपला प्रांताच्या तिजोरी कचेरीतला कारकून, दुपारी साहेब घोरायला लागले की कचेरीच्या टाइपरायटरवर भुतं बडवायचो आणि साप्ताहिकाला पाठवायचो. नक्कल ठेवली नाही कधी. कार्बन कागद सरकारी होता ना! टाइपरायटर सरकारी, शाई सरकारी, वेळ सरकारी, ते चालत होतं — पण कार्बन घ्यायला मन धजेना. माणसाचा प्रामाणिकपणा कुठं येऊन बसेल सांगता येत नाही.

तुम्ही कुठल्या? नाही, थांबा, गावाचं नाव नको, आडनाव सांगा — गारिंगालाओ? म्हणजे गिंबालच्या. ओळखलं की नाही! त्या जुन्या स्पॅनिश गव्हर्नरानं गावागावाला एकेका अक्षराची आडनावं वाटली, गिंबालला 'ग', आमच्या तिगबावानला 'त' — या प्रांतात कागदपत्रं एकदाच नीट लावली गेली, तीही माणसांची. गिंबालला आमचं साप्ताहिक जायचं, शनिवारच्या बसनं, टपावर, कोंबड्यांच्या शेजारी. सगळ्या गल्लीत मिळून एक अंक. एकानं वाचायचा आणि बाकीच्यांनी — काय म्हणालात? ऐकलीय? माझी? 'कोठारामागची सिद्रा'? तुम्ही लहान होता तेव्हा? म्हणजे आपल्या भाषेत? इंग्रजी नव्हे ना — ते कॉलेजात लावलंय ते नव्हे?

जरा खुर्ची जवळ घ्या. नाही, आणखी. आता तुम्ही-बिम्ही राहू दे, मी ऐंशीचा आहे, इंदायच म्हणतो तुला, पोरीला म्हणतात तसं. इंदाय, देवानंच पाठवलं तुला. देवानं नाहीतर दुसऱ्या कुणी, माझं दोघांशीही बरं आहे.

हळू बोलतो, जोवीचे कान तिखट आहेत. तो फलक वाचलास? 'मूळ हिलिगायनोनमध्ये, प्रथमच पुस्तकरूपात.' चार वाजता त्या मंचावर चढून मी 'सिद्रा'चं शेवटचं पान वाचायचंय. मूळ. आणि ते मूळ माझ्याकडे नाही. जोवीला सांगितलंय, आहे. घरी पत्र्याच्या पेटीत आहे म्हणून. पेटी आहे. त्या मोठ्या पुरात घरात छातीएवढा गाळ आला, त्यातनं पेटी निघाली, आतली कात्रणं हातात घेतली तर भाताची पेज. साप्ताहिक बंद पडलं, त्यांच्या गोदामात आता बुटांचं दुकान आहे, मी जाऊन आलो, बूट घेऊन आलो. मग उरलं काय? इंग्रजी. प्रोफेसर सोलेदादबाईंनी केलेलं भाषांतर. देव त्यांना शांती देवो, मला नाही दिली त्यांनी. आणि वर्षभर मी काय करतोय माहितेय? माझ्याच कथा इंग्रजीतनं माझ्याच भाषेत परत आणतोय! डिक्शनरी घेऊन! माझी सिद्रा नवऱ्याला काय हाक मारायची ते मला आठवेना, इंग्रजीत तिनं 'डार्लिंग' म्हटलंय. गिंबालच्या कोळ्याची बायको! डार्लिंग!

तरी रेटलं. शेवटपर्यंत आलो. तिथं गाडी अडली. कारण बाईंनी शेवट कापला, इंदाय. इंग्रजीत कथा संपते कुठं — इस्को पहाटे उठतो, बायको अंथरुणात नाही, मागं कोठाराकडे जातो, तर तिथं सिद्राचं कमरेखालचं अंग उभं. नुसते पाय आणि परकर. वरची सिद्रा गेलीय उडत. आता काय करायचं ते गिंबालच्या पोराटोरालाही ठाऊक, त्या उघड्या कमरेवर मीठ चोळायचं, की उजाडायच्या आत तिला परत जुळता येत नाही, उन्हात मरते. इस्को मिठाचं मडकं आणतो, मूठभर घेतो, वर पंखांचा आवाज — आणि समाप्त. मूठ तशीच. मी बाईंना विचारलं, अहो पुढं दीड पान आहे, कुठं गेलं? म्हणाल्या, ते वाचकाच्या मनात घडू दे, मिस्टर तुमांदा. आता मुलं त्या मुठीवर प्रबंध लिहितात. एकीनं मला फोन करून विचारलं, मूठ म्हणजे विवाहसंस्था का? मी म्हटलं, मूठ म्हणजे मूठ, बाई, आणि आत मीठ आहे.

ते दीड पान मला आठवत नाही. हसू नकोस. कारकुनाला नेहमीच्या कामातलं काही आठवतं का? अंदाज आहे म्हणा. संपादकांचा नियमच होता, शेवटी भूत मेलंच पाहिजे, नाहीतर पाद्री अंक चर्चच्या दारात विकू देत नसत. मी एकही आस्वांग जिवंत सोडली नाही. मिठानं मारल्या, राखेनं मारल्या, पाकट माशाच्या शेपटीनं फोडून काढल्या. तेव्हा सिद्रालाही मारलंच असणार, त्यात काय, चोळलं असणार मीठ, सकाळी गाव जमलं असणार बघायला. पण कसं? कुठल्या शब्दांत? लिहायला बसलो की बाईंची इंग्रजी मूठ येते डोळ्यापुढं आणि हात पुढं सरकत नाही. म्हणून तुला विचारतो. पाया पडतो तुझ्या. तू ऐकलंस ना? कानांनी ऐकलंस? काय होतं शेवटी?

तिया नेनेंग वाचायची? मावशी तुझी. बरं. खांबांवरच्या घराखाली, जाळ्यांच्या शेजारी, सगळे बसलेले. बरं बरं, पुढं. इस्कोनं मूठ भरली. हो. वर पंख वाजले. हो — आणि?

कालवणात?

मीठ कालवणात टाकलं? म्हणजे तो स्वयंपाकघरात गेला, चुलीवर माशाचं कालवण होतं, त्यात मूठ सोडली — सगळी नाही? चिमूटच, बाकी मडक्यात परत. आणि ती मागच्या दारानं आली, केस विस्कटलेले, तर म्हणाला, बस, जेवून घे, गार होतंय.

बस, जेवून घे, गार होतंय.

नाही, इंदाय. हे माझं नव्हे. असं मी लिहिलेलं नाही, शपथेवर सांगतो. असं लिहिता आलं असतं तर मी तिजोरी कचेरीत राहिलो असतो? संपादकांनी ते परत पाठवलं असतं, वर 'पाकक्रिया विभागाकडे' असा शेरा मारून. हे तुझ्या मावशीनं पदरचं घातलं. मुलांना झोप लागावी म्हणून असेल. काय कारटी बाई आहे! माझी कथा, माझं नाव, आणि — नाही, हसतोय मी, रागावलो नाही. पण का? मुलांसाठीच ना?

मुलांसाठी नाही.

आई बसली होती. तुझी आई. तिथंच, जाळं विणत. आणि आई सुईण. — हं. म्हणजे रात्री कुणी बोलवायला आलं की कंदील घेऊन एकटीनं बाहेर, आणि पहाटे परत, हाताला रक्त. आणि नवरा समुद्रावर. आणि गावात कुणाचं मूल दगावलं की हीच आस्वांग म्हणून... बोलू नकोस, कळलं. मला कळायला नको तर कुणाला, मी त्याच्यावरच तर पोट — पोट नाही, पगार होता, पण हौस भागवली. आणि त्या दिवशी त्या घराखाली बसलेले सगळे मूठभर मिठाकडे डोळे लावून ऐकत होते, आणि मध्ये तुझी आई. आणि मी तिगबावानला मजेत भात जेवत असणार.

मग मावशीनं अंक काय केला? सुका मासा बांधला त्यात. वा. म्हणजे तिथलंही गेलं.

पण मग आईला कळलं कसं, खोटं वाचलं ते? तिला वाचता येत नव्हतं म्हणतेस ना. — बोट. मावशी ओळीवरनं बोट फिरवत वाचायची. आणि शेवटच्या पानावर बोट एका जागी थांबलं आणि आवाज पुढं गेला. आईनं ते बघितलं. जाळं विणत राहिली, आणि आता इतक्या वर्षांनी, अंथरुणाला खिळल्यावर... काय म्हणाली? नीट सांग, तिच्या शब्दांत सांग.

'त्या माणसाला जाऊन विचार, त्यानं मीठ खरं कुठं टाकलं.'

म्हणून आलीस तू. एवढ्या उन्हात. आणि मी आपला तुला बिस्कोचो चारून विचारतोय, मला सांग, मला सांग. दोघंही एकाच दुकानात उधार मागायला आलो आणि दुकानात कुणी नाही.

मी मघाशी काय बोललो ते — तू ऐकलंस. 'मारलंच असणार' म्हणालो. 'त्यात काय' असंही म्हणालो वाटतं. तोंडाला लगाम नाही माझ्या, ऐंशी वर्षांत कुणी समोर बसलं नाही, बसलं की असं होतं. ते तिला सांगू नकोस. नाही, तू सांगणार नाहीस, दिसतंय मला, पण तुला खोटं बोलता येत नाही हेही दिसतंय, तुझ्या चेहऱ्यावर सगळं छापल्यासारखं येतं. घरी गेलीस की ती बघेल तुझ्याकडे आणि — अजून दिसतं ना तिला? दिसतं. हं. तिला तर बोटसुद्धा दिसलं होतं.

आलो, जोवी, आलो! आवाज ऐकलास? 'आता आपले लाडके मानोंग कारपो, शेवटचं पान, मूळ स्वरूपात.' टाळ्या बघ, चार जण, त्यातला एक मांजराचं स्टिकर घ्यायला आलेला. तो चष्म्यावाला विद्यापीठातला आहे, फोनवर सगळं उतरवून घेणार, मग तेच छापायचं, तेच मूळ. जन्मभर मूळ तेच.

ऐक, इंदाय. तुझ्या आईला सांग, मानोंग कारपोला भेटले. म्हातारा झालाय, पण डोकं शाबूत आहे. विचारलं मी. तर तो म्हणाला, हा काय प्रश्न झाला? मीठ कालवणातच टाकलं. पहिल्यापासून. तुझ्या मावशीनं अक्षरन् अक्षर बरोबर वाचलं. आणि बोट का थांबलं होतं म्हणून विचारलंच तिनं — विचारेल ती — तर सांग, त्या अंकात छपाई फार फिकी आली होती, बोट फिरवून उपयोगच नव्हता, बाईनं डोळे फोडून वाचलं. फिकी छपाई असायचीच, यात खोटं काही नाही. बघ, म्हणून दाखव मला. नको, राहू दे, रडशील. वाटेत जीपनीत म्हण, मनातल्या मनात, उतरेपर्यंत जमेल.

मला जमेल का विचारू नकोस. ते पुस्तक दे इकडं, नमुन्याचं. हो, कोरंच आहे. कोरंच बरं. बोट कुठंही ठेवलं तरी चालतं.

उठ आता. इथं थांबून ऐकायचं नाही, मला तोंड दिसलं तुझं की घोटाळा होईल. बिस्कोचोचा पुडा तिला ने. जा म्हणतो ना — जा, गार होतंय.