ओबोदासाचं राज्य

आष्टीच्या एसटीत मागच्या बाकावर एक नात आजीला इतिहासाचं पुस्तक वाचून दाखवत होती. पुढं बसलेल्या विजयमालाचे कान तिकडंच लागले होते.

“आज्जे, दोन हजार वर्षांमागं अरबस्तानात नबाती लोकांचा राजा व्हता, ओबोदास. पण सगळा कारभार त्याचा मंत्रीच बघायचा.”

“आन् राजा काय करायचा?”

“काईच न्हाई.”

“मग त्याला राजा कावून म्हनायचं?”

“गादीवर तोच व्हता ना!”

“लईच येडा गं. लोकांनी चालवून घेतलं?”

“घेतलं की.”

मग खरा राजा कोण, हे विजयमालालाही कळेना. तेवढ्यात कंडक्टर तिच्यापाशी आला.

“रामराम, सरपंचबाई! आज कुठं निघालात?”

“मला काय ठावं? मालकांना इचार बाबा, पुढं बसलेत.”