पानावरचा पडदा

दवाखान्याच्या बाकावर नंबराची वाट बघत शिक्षिकाबाईंनी फोनवरचा आपला रिपोर्ट पुन्हा उघडला. शेजारी दवाखान्याची वेबसाइट बनवणारे बहीणभाऊ आपसात बोलत बसले होते.

"ताई, पान झकास चालतंय. ज्याचा रिपोर्ट त्यालाच दिसतो."

"आणि बाकीच्यांचे?"

"ते लपवतो ना! सर्व्हर सगळ्यांचे पानात भरून पाठवतो, मग फोनमधली स्क्रिप्ट बाकीच्यांवर पडदा टाकते."

"म्हणजे सगळ्यांची दुखणी घरोघर पाठवलीस आणि वर 'बघू नका हं' म्हणालास? धन्य आहे तुझी!"

"पडदा सारून कोण बघतंय?"

"बघणारे बघतातच. अरे दीडशहाण्या, सर्व्हरवर पानाचं कोरं टेम्प्लेट भरतानाच ज्याचा त्याचा रिपोर्ट निवडायचा. ते काय शोभेला ठेवलंय?"

"स्क्रिप्टने पटकन झालं गं."

"घाण सतरंजीखाली सारणंही पटकनच होतं."

"हळू बोल, लोक ऐकतायत."

"आता लाज वाटली होय?"

शिक्षिकाबाईंनी चष्मा काढला आणि त्या भावाकडे वळल्या.

"बाळा, माझा रिपोर्ट मी अजून नवऱ्यालासुद्धा दाखवलेला नाही. तू कुणाकुणाला पाठवलास, तेवढं सांग."