तांदळाच्या डब्यातला पाना

हवानातल्या पावाच्या रांगेत मी "शेवटचं कोण?" विचारलं, तर नेरेइदाबाईंनी हात वर केला. त्यांच्या पुढे एवेलिओ मेकॅनिक उभा होता.

"भावजी, यांची गाडी चालूच होत नाहीये हो."

"किल्ली फिरवल्यावर टक्‌ असा आवाज येतो का, वहिनी?"

"नाही."

"दिवे?"

"तेही नाहीत. हे गेल्यापासून मी रोज संध्याकाळी आत जाऊन बसते. काच खाली केली की समुद्राचा वास येतो. हे शेजारी शीळ घालताहेत असं वाटतं, आणि गाडी जागची न हलता किनाऱ्याकिनाऱ्याने जात राहते."

"म्हणजे बॅटरीची तार सुटलीय."

"सुटली असेल."

"सत्तर वर्षांच्या त्या गाडीत रशियन इंजिन मी बसवलंय. परवाच तार पान्याने आवळली होती. आपोआप नाही सुटायची ती."

नेरेइदाबाईंनी हातातली पावाची पिशवी उगाच झटकली.

"गाडी बघायला गिऱ्हाईक कधी येतंय?"

"शनिवारी. लेक म्हणते, गाडी विकू, दोघींची तिकिटं काढू आणि कायमचं देशाबाहेर जाऊ."

"आणि पाना कुठाय?"

"तांदळाच्या डब्यात."

"असं? मग या आठवड्यात मला अजिबात वेळ नाही, वहिनी. लेकीला सांगा, एवेलिओ रविवारी येतोय."